‘कोपार्सनरी’ : एका परक्या शब्दाचा घरोबा

गेल्या भाऊबीजेस आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील घरीं बऱ्याच वर्षांनीं सगळीं माणसें जमलीं होतीं. ओंवाळणें झालें, जेवणें झालीं, आणि दुपारीं ओटीवर सुपारीचें तबक फिरत असतां आमच्या काकांनीं एक कागद बाहेर काढला. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. आजोबा १९८८ सालीं वारले. तेव्हांपासून घर, आगर व कलमांची बाग यांची वांटणी झालेली नाहीं, आणि सातबाऱ्यावर वडील व काका यांच्या जोडीस आत्यांचेंहि नांव वारस म्हणून लागलेलें आहे. तें नांव कमी करून घ्यावें म्हणजे पुढच्या पिढीस घोटाळा नको, असा विचार घरांत कांहीं दिवस चालला होता. आणि खरें सांगावयाचें तर त्या विचारांत आम्हीहि होतों.

आत्यांनीं चष्मा लावून मसुदा वाचावयास घेतला. त्या निवृत्त शिक्षिका; वाचल्याशिवाय सही करण्याची त्यांस संवय नाहीं. मसुदा मराठी होता, पण दुसऱ्याच ओळींत वकिलांनीं एक इंग्रजी शब्द देवनागरींत तसाच ठेवून दिला होता. ‘हें कोपार्सनरी म्हणजे काय रे?’ त्यांनीं विचारलें. घरांतील लिहिणारा-वाचणारा म्हणून उत्तराचें काम आमच्याकडे आलें. ‘एकत्रपणा, आत्या. घरांतल्या सगळ्यांनीं मिळून असणें, त्याला कायद्यांत असें म्हणतात.’ आत्यांनीं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें. ‘मग त्या सगळ्यांत मी आहें कीं नाहीं? नसलें तर माझी सही कशाला हवी? आणि असलें तर मला बाहेर जायला कां सांगतां?’

या प्रश्नास त्या दिवशीं ओटीवर कोणापाशींच उत्तर नव्हतें. कागदाची घडी होऊन तो आत्यांच्या पिशवींत गेला, त्या नाशिकास गेल्या, आणि आम्ही तो शब्द डोक्यांत घेऊन पुण्यास परतलों. त्या शब्दाच्या मागें लागून आम्हांस जें सांपडलें तें पुढें देत आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत असा एखादा कागद असेल, निदान येऊं घातला असेल.

प्रथम शब्दाची फोड. ‘को’ म्हणजे मिळून, सह. ‘पार्सनर’ हा जुन्या फ्रेंचांतून इंग्रजी कायद्यांत आलेला शब्द. त्याचें मूळ लॅटिनांतील ‘पार्तितिओ’, म्हणजे वांटणी. तेव्हां कोपार्सनर म्हणजे ‘मिळून असलेला वांटेकरी’. एकत्रपणा सांगणाऱ्या शब्दाच्या पोटांत वांटणी दडून बसलेली! याच ‘पार्सनर’चा उच्चार पुढें ‘पार्ट’ या शब्दाच्या ओढीनें बदलला आणि त्याचा ‘पार्टनर’ झाला. म्हणजे आपण दुकानांतल्या भागीदाराला किंवा पत्त्यांच्या डावांतल्या जोडीदाराला जो शब्द लावतों तो आणि हक्कसोडपत्रांतला हा बोजड शब्द हे सख्खे भाऊ आहेत. इंग्रजांस यावरून हंसण्याचें मात्र आपणांस कारण नाहीं. ‘भाऊबंद’ या आपल्या प्रेमळ शब्दाला एक प्रत्यय लागून जी ‘भाऊबंदकी’ झाली, तिचा अर्थ सांगावयास नको. खाडिलकरांनीं १९०९ सालीं पेशव्यांच्या घरांतील यादवीवर नाटक लिहिलें त्यास दुसरें नांव शोधण्याची गरज पडली नाहीं. आणि ‘अविभक्त’ हा आपला धर्मशास्त्रांतला शब्द तरी काय सांगतो? विभागले नाहींत, एवढेंच. एकत्र राहणें हें नुसतें ‘अजून वेगळे झालों नाहीं’ अशा नकारानें सांगावें लागतें, हें दोन्ही भाषांस ठाऊक आहे.

आतां आम्हांस खरोखर चकित करणारी गोष्ट. इंग्लंडांत हा शब्द मुलींसाठीं होता. तिकडच्या जुन्या कायद्याप्रमाणें जमीन थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्या भावांस कांहीं नाहीं. परंतु मुलगा नसला आणि मुली पुष्कळ असल्या, तर तेथें थोरली-धाकटी हा भेद लागत नसे. सर्व बहिणी मिळून बापाचा एक वारस असें कायदा मानी, आणि त्या बहिणी म्हणजे कोपार्सनर्स. केंट परगण्यांतील एका रूढीप्रमाणें सर्व भाऊहि मिळून वारस होत, तेवढा अपवाद सोडला तर हा शब्द बहिणींचाच. त्यांतल्या एखादीस वेगळें व्हावेंसें वाटलें तर ती बाकीच्यांस न्यायालयांतून वांटणी करावयास लावूं शके. इतर प्रकारच्या सामाईक मालकांस ही सोय आठव्या हेन्रीच्या १५३९ व १५४० सालच्या कायद्यांपर्यंत नव्हती. वांटणीची एक रीत अशी कीं थोरलीनें हिस्से पाडावेत आणि आपला हिस्सा सर्वांच्या शेवटीं उचलावा. एकानें वांटावें व दुसऱ्यानें उचलावें ही युक्ति आपल्याकडच्या आजीबाईंस लाडू वांटतांना कोणत्याहि ग्रंथावांचून सुचत आली आहे.

या बहिणींच्या वारशाचा एक अवशेष इंग्लंडच्या राजदरबारांत आजहि पाहावयास मिळतो. तेथील ‘लॉर्ड ग्रेट चेंबरलेन’ हें वंशपरंपरागत पद १७७९ सालीं एका ड्यूकच्या मृत्यूनंतर त्याच्या दोन बहिणींकडे आलें, आणि १७८१ सालीं तिकडच्या वरिष्ठ सभेनें तें दोघींचें मिळून आहे असें ठरविलें. पुढें त्यांच्या वंशांत त्याचे वांटे पडले, आणि नवा राजा गादीवर आला कीं तें पद पाळीपाळीनें एका घराण्याकडून दुसऱ्याकडे जाऊं लागलें. २०२२ सालीं राजे चार्ल्स गादीवर आले तेव्हां तें चमली घराण्याकडून कॅरिंग्टन घराण्याकडे गेलें. आमच्या गांवीं सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी ज्या न्यायानें फिरते त्याच न्यायानें! एरव्हीं जमिनीच्या व्यवहारांतून हा शब्द इंग्लंडांत १९२५ च्या कायद्यांनीं जवळजवळ नाहींसा झाला आहे. तिकडे मेला, आणि इकडे आपल्या ओटीवर जिवंत आहे.

इकडे तो आला कसा? कल्याणीच्या चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याच्या काळीं विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. तें कल्याण म्हणजे ठाणे जिल्ह्यांतलें नव्हे. कर्नाटकांतील हल्लींचें बसवकल्याण. वडिलार्जित धनावर मुलाचा हक्क बापाच्या मरणानें नव्हे तर मुलाच्या जन्मानेंच उत्पन्न होतो, हा विज्ञानेश्वराचा सिद्धान्त. बंगाल्यांत जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’नें तो मानला नाहीं. कोलब्रुकनें १८१० सालीं या दोन्ही ग्रंथांतील दायविभागाच्या प्रकरणांचें इंग्रजी भाषांतर छापलें, आणि तेव्हांपासून ज्यांस संस्कृत येत नव्हतें असे न्यायाधीश आमच्या घरांचे निवाडे इंग्रजी शब्दांच्या आधारें करूं लागले. बाप, मुलगे, नातू व पणतू असे जे चार पिढ्यांपर्यंतचे जन्मसिद्ध सहभागी, त्यांस नांव हवें होतें. हाताशीं होता तो शब्द त्यांनीं लावला.

तो बेताचाच बसला. इंग्लंडांतील प्रत्येक बहिणीचा हिस्सा ठरलेला असे, आणि ती वारली तर तो तिच्या मुलांकडे जाई. मिताक्षरेच्या कुटुंबांत, विभक्त होईपर्यंत, अमका हिस्सा माझा असें कोणासहि म्हणतां येत नसे. भावांपैकीं एक वारला कीं त्याचा भाग उरलेल्यांत मिसळून जाई, एक जन्मला कीं सर्वांचे भाग तेवढे आकसत. घरांत पाळणा हलला कीं बापाचा हिस्सा कमी होई, आणि तरी बापच बारशाचे पेढे वांटी! परंतु सर्वांत मोठा फरक वेगळाच. ज्या शब्दाचा जन्म मुलींसाठीं झाला, तो येथें केवळ पुरुषांच्या मंडळास लावला गेला. मुलगी त्यांत नव्हती, पत्नी नव्हती, सून नव्हती. शब्द समुद्र ओलांडून आला आणि ओलांडतांना त्यानें बहिणींस मागें ठेवलें.

महाराष्ट्रांतील पंडितांचें येथें एक स्मरण केलें पाहिजे. मूळ पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकांत ‘व्यवहारमयूख’ लिहिला. मुंबई, उत्तर कोंकण व गुजराथ येथें त्याचा अधिकार मोठा. इतर महाराष्ट्रांत मिताक्षरेच्या खालोखाल. वारसाहक्कांत बहिणीस व इतर स्त्रियांस मुंबई इलाख्यांत जें थोडें अधिक स्थान मिळालें त्याचें श्रेय पुष्कळ अंशीं मयूखास आहे. रावसाहेब मंडलीकांनीं १८८० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि पुढें डॉ. पां. वा. काणे यांनीं तो ग्रंथ संपादिला. तरीहि भावांच्या त्या जन्मसिद्ध मंडळांत मयूखानेंहि मुलीस बसविलें नव्हतें.

आमच्यासारख्या शिकलेल्या घरांस हा शब्द एकदां फारच जवळून भिडला होता, हें आज बहुतेकांस आठवत नाहीं. सामाईक पैशानें मुलगा शिकला, मोठ्या हुद्द्यावर चढला, तर त्याचा पगार कोणाचा? १९२१ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें एका सिव्हिल सर्व्हंटच्या प्रकरणांत निकाल दिला कीं शिक्षण घराच्या पैशानें झालें असेल तर त्यावर मिळविलेलें धनहि घराचेंच. ज्या घरांत एक भाऊ विलायतेस गेला आणि तिघे शेतीवर राहिले, त्या घरांत यावरून काय झालें असेल याची कल्पना करावी. आमच्या मतें त्या तिघांची बाजू अगदींच टाकाऊ नव्हती. त्यांच्या पोटास चिमटा घेऊनच बोटीचें भाडें उभें राहिलें होतें. पण शिकलेल्यांचा आवाज मोठा असतो. बॅ. मुकुंदराव जयकर यांनीं मांडलेल्या विधेयकाचा १९३० सालीं कायदा झाला, आणि विद्येनें मिळविलेलें धन ज्याचें त्याचें ठरलें.

वेगळें होण्यास काय लागतें, याविषयींहि घरोघर गैरसमज आहेत. चुली वेगळ्या झाल्या म्हणजे वांटणी झाली असें बायका समजतात, आणि जोंवर कागद झाला नाहीं तोंवर वांटणी नाहीं असें पुरुष समजतात. दोघेंहि चुकतात. अन्न, देवपूजा व मालमत्ता या तिहींत कुटुंब एक आहे असें कायदा आरंभीं गृहीत धरतो खरा, परंतु वेगळी चूल हा नुसता पुरावा. तेवढ्यानें मालमत्ता विभागत नाहीं. उलटपक्षीं, एका सहभागीनें ‘मी वेगळा झालों’ असें निःसंदिग्धपणें इतरांस कळविलें कीं त्याच्यापुरता एकपणा तेथेंच तुटतो. जमीन मोजण्याचें काम मागाहून होवो. १९१६ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें गिरिजाबाई विरुद्ध सदाशिव धुंडिराज या मध्यप्रांतांतून गेलेल्या अपिलांत हें स्पष्ट केलें. तेथें वेगळें होण्याची नोटीस देऊन दावा लावणारा मनुष्य निकालापूर्वींच वारला. तरी तो विभक्त म्हणूनच वारला असें ठरून त्याच्या विधवेस हिस्सा मिळाला. ती नोटीस त्यानें दिली नसती, तर तोच हिस्सा उरलेल्या पुरुषांत विरून गेला असता. एका पत्रावर एका स्त्रीचें उरलेलें आयुष्य लोंबकळत होतें. आणि पुन्हां एक व्हावेंसें वाटलें तर? धर्मशास्त्रानें त्याचीहि सोय ठेविली आहे. तिला ‘संसृष्टि’ म्हणतात. बाप, भाऊ किंवा चुलता यांच्याशीं विभक्त झालेला मनुष्य फिरून मिळूं शकतो. असा खटला मात्र आमच्या ओळखीच्या वकिलांपैकीं एकानेंहि आजवर चालविलेला नाहीं.

विधवेस पतीच्या भागावर हयातीपुरता हक्क १९३७ सालीं, डॉ. देशमुखांच्या कायद्यानें, मिळाला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्शांत वांटा दिला, पण कोपार्सनरींत जागा दिली नाहीं. या दोहोंतला फरक शब्दांनीं कळत नाहीं, म्हणून एक हिशेब देतों. हिराबाई मगदूम यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं तो मांडला आहे. १९६० सालीं पति वारले. मागें पत्नी, दोन मुलगे व तीन मुली. पति मरणाच्या क्षणीं वांटणी झाली असती अशी कल्पना करावयाची. त्या वांटणींत पति, पत्नी व दोन मुलगे यांस प्रत्येकीं एकचतुर्थांश. मुलींस कांहीं नाहीं. मग पतीच्या एकचतुर्थांशाचे सहा भाग. म्हणजे पत्नीस व प्रत्येक मुलास चोविसांत सात, आणि प्रत्येक मुलीस चोविसांत एक. मुलीस वारसा मिळाला हें खरें. भावाच्या सातव्या हिश्शाइतका मिळाला हेंहि तितकेंच खरें.

आंध्रनें आरंभ केला, तामिळनाडू मागोमाग आलें, आणि महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीस कोपार्सनर केलें. पण जिचें लग्न त्यापूर्वीं झालें होतें ती वगळली. आमच्या आत्यांचें लग्न १९६९ सालचें. केरळनें तर १९७५ च्या कायद्यानें अविभक्त कुटुंबच मोडून टाकलें. शेवटीं ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशांत मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, जन्मानेंच मुलासारखी कोपार्सनर झाली. तरी बाप त्या तारखेस हयात असला पाहिजे कीं नाहीं, यावर पंधरा वर्षें वाद चालला. २०१५ च्या एका निकालानें ‘पाहिजे’ म्हटलें. ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत तीन न्यायमूर्तींनीं ‘हक्क जन्माचा आहे, बापाच्या हयातीचा नाहीं’ असा अर्थ लावून तो प्रश्न मिटविला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या मात्र उकरून काढतां येत नाहींत. वरचेंच कुटुंब आजच्या नियमानें मोजलें तर आई, बाप व पांच मुलें असे सात भाग. बापाच्या भागाचे पुन्हां सहा. आणि शेवटीं आई, भाऊ, बहिणी सर्वांस बरोबर एकषष्ठांश.

तेव्हां शब्द योजावयाचा कसा? ‘जॉइंट फॅमिली’ हें मोठें वर्तुळ. त्यांत सून, सासू, सगळे येतात. आयकरखात्याचें ‘एच.यू.एफ.’ तें याच वर्तुळाचें कागदी नांव. ‘कोपार्सनरी’ हें त्याच्या आंतलें लहान वर्तुळ, जन्मानें हक्क मिळालेल्यांचें. सून कुटुंबांत आहे, पण त्या आंतल्या वर्तुळांत नाहीं. मुलांनीं वांटणी केली तर आई म्हणून तिला एक भाग मिळतो, पण ती स्वतः वांटणी मागूं शकत नाहीं. लग्न झालेली मुलगी सासरच्या कुटुंबांत आहे आणि माहेरच्या कोपार्सनरींत. मुलगी ‘कर्ती’ होऊं शकते असेंहि दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं मानलें आहे. बापाची स्वकष्टार्जित मिळकत यांत येत नाहीं; ती त्यानें मृत्युपत्रानें कोणासहि द्यावी. आणि ‘एकत्रपणा’ हा जो अर्थ आम्ही ओटीवर ठोकून दिला तो चुकीचाच होता. ‘समांशी’ किंवा ‘सहदायाद’ हे शब्द जवळचे आहेत. घरगुती बोलण्यांत ‘जन्माचे वांटेकरी’ म्हणावें.

हें सर्व आम्हीं आत्यांस चार पानांच्या पत्रांत लिहून कळविलें, आणि तुम्ही त्या मंडळांत आहांत, पहिल्या दिवसापासून, हेंहि लिहिलें. तें लिहितांना हात थोडा अडखळला, कारण आत्यांचा भाग जेवढा वाढतो तेवढा आमच्या वडिलांचा कमी होतो, आणि वडिलांनंतर आमचा. काका चार दिवस बोलले नाहींत. त्यांचें म्हणणें, कलमें त्यांनीं चाळीस वर्षें राखलीं, शिंपलीं. आणि तें खोटें नाहीं.

आत्यांचा फोन पंधरवड्यानें आला. त्या रागावलेल्या नव्हत्या. ‘वसंतांत एक करंडी आंबे येतात तेवढे मला पुरे आहेत,’ त्या म्हणाल्या, ‘पण तो शब्द काढून टाका. त्या जागीं आम्हां तिघांचीं नांवें लिहा, माझें धरून. आधीं मी आहें असें लिहा. मग काय सोडायचें आणि काय नाहीं तें मी माझ्या मुलीशीं बोलून ठरवीन.’

नवा मसुदा परवां वकिलांकडून आला. पहिल्या परिच्छेदांत तीन नांवें आहेत. वयानें वडील म्हणून आत्यांचें पहिलें. दुसऱ्या परिच्छेदाची जागा कोरी ठेविली आहे.